आईची नागीण आणि नॉर्मल रिपोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, की पूर्वीची माणसं सोशिक होती, आता जरा कुठं दुखलं की लगेच एमआरआय आणि मूठभर गोळ्या, आणि रिपोर्टमध्ये काही निघत नाही म्हणजे ते दुखणं निम्मं मनाचंच असतं. त्यांच्या वयाचा मला आदर आहे, पण ते वाक्य वाचल्यावर मला पुढचं काही वाचवेना, कारण हेच वाक्य आमच्या घरात सात महिने रोज कुणी ना कुणी बोलत होतं, आणि जिच्याबद्दल बोलत होते ती माझी आई, वय ७१. म्हणून हे पत्र. लांब झालंय याची कल्पना आहे, कापायचं झालं तर आमच्या घरचं कापा, पण ७२ तासांची आणि मज्जारज्जूची गोष्ट तेवढी ठेवा.

मी हायस्कूलला सायन्स शिकवते. आई गावी असते, वाळवा तालुक्यात. दोन म्हशींची धार, वैरण, उसाची भांगलण यातच तिचं आयुष्य गेलं, माझ्या धाकट्या भावाच्या वेळेला दुपारपर्यंत रानात होती आणि रात्री बाळंत झाली. सोशिकपणाबद्दल तिला कुणी शिकवावं अशी ती बाई नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी तिच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. फराळाचं तळण चाललं होतं, वाटलं पित्त असेल. दुसऱ्या दिवशी छातीत डावीकडं चमका यायला लागल्या म्हणून आम्ही घाबरून ईसीजी काढून आणला, तो नॉर्मल आला. (ईसीजी काढला ते बरोबरच केलं, का ते पुढं सांगते.) तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले, पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेनं पुढं छातीच्या मध्यापर्यंत, अर्धा पट्टा, आणि बरोबर मधोमध येऊन थांबलेला, जणू कुणी पट्टी लावून रेघ मारलीय. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "अगं बाई, ही नागीण हाय. तोंडाला तोंड मिळायच्या आत उतरवून घ्या, न्हायतर माणूस हाताला लागत न्हाय."

मग मामा गाडी घेऊन आले आणि आम्ही शेजारच्या गावात एकाकडे गेलो, ते मंत्र टाकतात आणि गेरू लावतात. मी सायन्सची शिक्षिका, तरी मी त्या गाडीत बसले, कारण आई भ्यायली होती आणि सगळ्यांच्या विरोधात जायची त्या वेळी माझी हिंमत झाली नाही. सहा दिवस त्यात गेले. त्या सहा दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातले पहिले तीनच दिवस खरे महत्त्वाचे होते.

आता नागीण म्हणजे काय ते सरळ सांगते. लहानपणी आपल्याला कांजिण्या येऊन जातात, फोड वाळतात, आपण विसरतो, पण तो व्हायरस अंगातून जात नाही. आपल्या कण्यातून दोन्ही बाजूंना नसांच्या एकूण ३१ जोड्या निघतात आणि त्यांच्या मुळाशी, मज्जारज्जूच्या अगदी दाराशी म्हणा, एक छोटी गाठ असते. कातडीकडून स्पर्श, ऊन, गार, दुखणं हे सगळं आत घेऊन येणाऱ्या पेशींचं घर त्या गाठीत असतं, त्या पेशीची एक तार बाहेर कातडीपर्यंत जाते आणि दुसरी आत मज्जारज्जूत शिरते. कांजिण्यांचा व्हायरस त्या गाठीत जाऊन झोपतो, चाळीस चाळीस पन्नास पन्नास वर्षं. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी पडली की तो एखाद्या गाठीत जागा होतो आणि त्याच नसेवरून चालत कातडीवर येतो. एका नसेच्या वाट्याला अंगाचा एका बाजूचा एकच पट्टा असतो, डावीची नस डावीकडं आणि उजवीची उजवीकडं, म्हणून फोड मध्यावर येऊन थांबतात. तो विळखा पूर्ण होत नाही त्याचं कारण मंत्र नाही, आपल्या नसांची मांडणीच तशी आहे. आणि विळखा पूर्ण झाला की माणूस जातो याला काही आधार नाही.

यावर व्हायरसच्या गोळ्या आहेत, असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर वगैरे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, पण त्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग. फोड लवकर आटोक्यात येतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं. पुढचं दुखणं टळेलच अशी हमी त्या देत नाहीत, पण सुरुवातीची लढाई तरी आपल्या हातात राहते. ७२ तास उलटून गेले आणि अजून नवे फोड येत असतील तरी डॉक्टरकडे जायचंच, आणि कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तिथं नजरेचा प्रश्न असतो. आमच्याकडं गोळ्या सातव्या दिवशी सुरू झाल्या.

फोड महिन्याभरात वाळले, खपल्या पडल्या, काळपट डाग राहिले. सगळे म्हणाले सुटलीस. आणि तिथून खरं सुरू झालं.

आईला पदर सहन होईना. म्हणजे दुखऱ्या जागी कुणी मारलं, दाबलं असं काही नाही, नुसता सुती पातळाचा पदर त्या पट्ट्यावरून सरकला की ती दचकून श्वास धरायची. पंखा लावला की वाऱ्यानं आग. अंघोळीच्या पाण्याची धार नको. मी सुट्टीत गेले तेव्हा बघितलं तर ती सोप्यात बसलेली, उजव्या हातानं डाव्या बाजूचं पोलकं चिमटीत धरून अंगापासून दोन बोटं लांब धरलेलं, आणि तसंच धरून ती तासभर माझ्याशी बोलत होती. चिमूट सुटली की थांबायची, परत धरायची. मी विचारलं तर म्हणाली, "अंगावर कापड बी नको वाटतंय गं, आन् वरनं बघाय गेलं तर काय बी न्हाय." त्याच जागी जोरात दाबून धरलं तर मात्र तिला उलट जरा बरं वाटायचं. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, म्हणतो दाबलं तर दुखत नाही आणि पदरानं दुखतं, हे कसलं दुखणं?

तालुक्याला दाखवलं, पुढं एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं. एक्सरे, रक्त, शेवटी एमआरआय. सगळं नॉर्मल, वयाप्रमाणे मणक्याची थोडी झीज. तिथल्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आजी, रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे, आता हे मनातून काढून टाका." आई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणाली, "मी काय नाटकं करतीय व्हय गं?" हे मी जन्मात विसरणार नाही.

तरी त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या, पण कशासाठी ते एक अक्षर सांगितलं नाही. मामांनी मोबाईलवर नावं टाकून बघितली, एक निघाली फिट येणाऱ्या माणसांची आणि दुसरी डिप्रेशनची. झालं, घरात वादळ. मामा म्हणाले माझी बहीण वेडी नाही आणि तिला फिट बी येत न्हाईत, आणि गोळ्या कचऱ्यात गेल्या. त्यात आणखी दोन महिने गेले. मामांचाही राग येत नाही मला, प्रेमापोटीच केलं त्यांनी, पण कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला नको होतं का?

ती पाच मिनिटं शेवटी एका दुखण्याच्या क्लिनिकमध्ये मिळाली. असे क्लिनिक असतात हेच आम्हाला माहिती नव्हतं, तिथं बसतात ते बहुतेक भूलतज्ज्ञ असतात. त्या डॉक्टरबाईंनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं एक गोल काढला, त्यात पंख पसरलेलं फुलपाखरू, आणि आईला म्हणाल्या, "आजी, ही तुमच्या कण्यातली दोरी, सुरीनं आडवी कापली तर आत अशी दिसते." तो कागद अजून माझ्याकडं आहे. त्या कागदावरून मला जे कळलं आणि नंतर मी जे वाचून काढलं तेच इथं लिहिते, कारण मला वाटतं हे प्रत्येक घरात माहिती पाहिजे.

मज्जारज्जू म्हणजे करंगळीच्या जाडीची, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीची दोरी, मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेच्या वरपर्यंत येते. आपण शाळेत शिकवतो की ती निरोप वर नेते आणि खाली आणते, म्हणजे विजेची केबल. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. सतराव्या शतकात देकार्त नावाच्या फ्रेंच विद्वानानं एक चित्र दिलं होतं, १६६४ ला ते छापून आलं, पोराचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायातून डोक्यापर्यंत एक दोरा, खाली दोरा ओढला की वर घंटा वाजते. बहुतेक जणांच्या डोक्यात दुखण्याचं चित्र अजून तेच आहे. खाली जेवढी जखम तेवढी वर घंटा, जखम नाही तर घंटा कशी वाजेल, वाजत असेल तर माणूस खोटं बोलतोय. माझ्या मामांचं, त्या फाईल मिटणाऱ्या डॉक्टरांचं आणि तुमच्या त्या वाचकांचं, तिघांचं गणित हेच आहे.

खरं तसं नाही. अंगठ्याला उंबऱ्याची ठेच लागली की काय होतं आठवून बघा, आधी टचकन एक कळ जाते आणि मग क्षणभरानं ती ठणकणारी, जीव घाबरा करणारी कळ येते. या दोन वेगवेगळ्या तारा आहेत. पहिलीला पातळ आवरण असतं, ती सेकंदाला ५ ते ३० मीटर पळते. दुसरी उघडी, अगदी बारीक, तिचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढाच. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरलं तर पहिली डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचते आणि दुसरीला एखादा सेकंद लागतो. त्या बारीक तारेच्या टोकाला कातडीत जे दार असतं ना, साधारण ४३ अंशाच्या वर उष्णता गेली की उघडणारं, तेच दार मिरचीतल्या तिखट द्रव्यानंही उघडतं, म्हणून मिरच्या कांडून आल्यावर हाताची आग होते आणि हात तर गारच असतो. १९९७ ला हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि २०२१ ला त्यांना नोबेल मिळालं.

पण या तारा मेंदूत जातच नाहीत, हा सगळ्यात मोठा मुद्दा. त्या मज्जारज्जूत, त्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या टोकाशी येऊन संपतात. तिथं दुसरी पेशी बसलेली असते, मधे बारीकशी फट. पहिली तार त्या फटीत रसायन सोडते, ग्लुटामेट, आणि जोराची कळ असेल तर त्याबरोबर सबस्टन्स पी नावाचंही एक, आणि ते पलीकडच्या पेशीला लागलं की निरोप पुढं. ती दुसरी पेशी आपली तार पलीकडच्या बाजूला नेते, म्हणजे डाव्या अंगाचा निरोप उजवीकडून वर चढतो, मेंदूच्या मध्यात जातो आणि तिथून सगळीकडं वाटला जातो. तेव्हा आपण म्हणतो दुखलं. तोपर्यंत ते दुखणं नसतंच, नुसता निरोप असतो. आणि तो निरोप वर पाठवायचा का, केवढा करून पाठवायचा, हे त्या पंखाच्या टोकाशी ठरतं. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "ही तुमच्या गावची चावडी समजा, सगळ्यांचं ऐकून मग वर तालुक्याला काय कळवायचं ते इथं ठरतं." आई पहिल्यांदा हसली.

ईसीजीचं मघाशी म्हटलं ते इथलंच. हृदयाकडून येणाऱ्या तारा आणि छातीच्या, डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीकडून येणाऱ्या तारा मज्जारज्जूत त्याच त्याच पेशींवर येऊन टेकतात, आणि वर मेंदूला कळत नाही की निरोप आतला आहे का बाहेरचा, म्हणून हार्ट अटॅकमध्ये हात दुखतो, खांदा दुखतो, जबडा दुखतो. तेव्हा छातीची आग पित्त म्हणून सोडू नका, आधी ईसीजी काढा. आमच्या आळीतले एक जण सोड्याचं पाणी पिऊन झोपले ते उठले नाहीत.

आता चावडीचं पुढचं. गुडघा आपटला की आपण काय करतो, चोळतो. पोरगं पडलं की आई त्या जागी हात फिरवते, फुंकर घालते. यात नुसती माया नाही. स्पर्श नेणाऱ्या तारा जाड आणि वेगवान असतात, त्या मज्जारज्जूत शिरताना तिथल्या छोट्या राखणदार पेशींना जागं करतात आणि त्या पेशी दुखण्याच्या निरोपाला आवर घालतात. १९६५ ला रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी हे फाटकासारखं आहे असं मांडलं, बारीकसारीक तपशील पुढं बदलले पण मूळ गोष्ट टिकली, की मज्जारज्जूत फाटक आहे आणि ते कमीजास्त उघडतं. फिजिओथेरपीवाले कंबरेला जे झिणझिण्या आणणारं मशीन लावतात ते याच आधारावर.

आईचं काय झालं होतं, तर व्हायरसनं त्या गाठीतल्या काही पेशी मारल्या, काही अर्धवट जखमी केल्या. जखमी तारा कारण नसताना निरोप पाठवत सुटतात, रात्रंदिवस. सतत असा मारा होत राहिला की चावडीतली ती दुसरी पेशी स्वतःच बदलते. तिच्यावर एक दार असतं, एरवी त्याला मॅग्नेशियमचं बूच बसवलेलं असतं, मारा वाढला की ते बूच उडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि ती पेशी इतकी हळवी होते की आधी ज्याकडं लक्षही दिलं नसतं त्यालाही ओरडून उठते. एकाच बारीक तारेला ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा चेतवलं तर मज्जारज्जूतल्या पेशीचं उत्तर दर वेळी मोठं मोठं होत जातं, हे लोर्न मेंडेल यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं. आणि १९८३ ला क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर दाखवून दिलं की जखमेनंतर ही जादा संवेदना निव्वळ जखमेच्या जागची नसते, मज्जारज्जूच बदललेला असतो. त्यात राखणदार पेशींचा आवर सुटलेला. मग स्पर्शाची तार, जी पदराचा नुसता स्पर्श सांगते, तिचाही निरोप दुखण्याच्या पेशीपर्यंत जाऊन पोचतो.

म्हणजे आई जे सांगत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पदरानंच दुखत होतं. पंख्याच्या वाऱ्यानंच आग होत होती. आणि एमआरआयमध्ये हे दिसणार नाही, कारण एमआरआयला हाड दिसतं, चकती दिसते, ट्यूमरची गाठ दिसते, दबलेली नस दिसते, पण एका पेशीनं दुसरीला केवढ्यानं ओरडून सांगितलं हे त्यात उमटत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, रिपोर्ट नॉर्मल आहे तो फोटोचा आहे, तुमच्या दुखण्याचा नाही." आईच्या डोळ्यात पाणी आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पांढऱ्या कोटातलं माणूस तिला म्हणालं की तुमचं खरं आहे.

आणि त्या दोन गोळ्या. त्याच दोन परत मिळाल्या, पण या वेळी मामांना समोर बसवून. फिटची म्हणतात ती गॅबापेंटिनच्या जातीची, ती त्या तारेच्या शेवटाला जी कॅल्शियमची दारं असतात त्यांच्यावर काम करते, कॅल्शियम कमी आत गेलं की फटीत रसायन कमी सांडतं, आवाज खाली येतो. फिटमध्येही पेशी जास्त पेटलेल्या असतात आणि इथंही, म्हणून औषध एकच. आणि डिप्रेशनची म्हणतात ती ॲमिट्रिप्टिलिन. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबून सांगते. फाटकाची दोरी खालून ओढली जाते तशी वरूनही ओढली जाते, मेंदूच्या खालच्या भागातून काही तारा उतरून मज्जारज्जूत त्याच जागी येतात आणि सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन अशी रसायनं सोडून निरोप दाबतात. कबड्डीच्या मॅचमध्ये पोराचं बोट मोडतं आणि त्याला शिट्टी वाजल्यावर कळतं ते यामुळं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी भयंकर जखमी सैनिकांना शुद्धीवर असताना विचारलं होतं, तर त्यातल्या चौथ्या हिश्शालाच दुखण्यावर काही द्या असं वाटत होतं. ॲमिट्रिप्टिलिन हीच वरून येणारी रसायनं जास्त वेळ टिकवून ठेवते. डिप्रेशनला ती ७५, १०० मिलिग्रॅम अशी देतात, आईला रात्री १० मिलिग्रॅम होती. मामांनी तीनदा विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि मग रोज रात्री फोन करून "गोळी घेतली का अक्का" विचारायला लागले.

गोळ्यांनी जादू झाली असं मी लिहिणार नाही. पहिले आठ दिवस तिला एवढी गुंगी की भिंत धरून चालायची, तोंड कोरडं पडायचं, डोस अगदी हळूहळू वाढवावा लागला. या गोळ्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, हृदयाचा, काचबिंदूचा, लघवीचा त्रास असेल तर ॲमिट्रिप्टिलिन जपून, आणि सुरू केलेल्या एकदम बंद करायच्या नाहीत. बरोबर मिरचीच्याच द्रव्याचं मलम दिलं होतं, फोड पूर्ण वाळल्यावरच लावायचं, पहिले काही दिवस आग वाढते आणि मग त्या बारीक तारांची टोकं थकून गप्प होतात. हे ऐकून मामा परत हबकले होते पण बोलले नाहीत. दोन महिन्यांनी दुखणं निम्म्यावर आलं. आता आई रात्री सलग पाच तास झोपते. पंखा एक नंबरवर चालतो.

तर त्या ज्येष्ठ वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की काका, सोशिक माणसालाच हे जास्त भोगावं लागतं हो. माझी आई सोशिक होती म्हणून फोड उठायच्या आधीचे दोन दिवस ती कुणाला नीट बोलली नाही, सोशिक होती म्हणून रात्री तोंडात पदराचा बोळा घालून पडून राहिली आणि कुणाला कळलं नाही. दुखणं अंगावर काढलं की मज्जारज्जूला त्याची सवय होऊन ते कमी होतं अशी समजूत आहे, पण नसेचं दुखणं असेल तर सतत माऱ्यानं तिथल्या पेशी आणखी हळव्या होतात. मनाचा संबंध नाही असंही मी म्हणत नाही, झोप नाही, काळजी, कुणी विश्वास ठेवत नाही, यानं वरून येणारा तो आवर कमी पडतो आणि दुखणं वाढतं. म्हणजे "मनाचं आहे" म्हणून ज्यांनी तिला एकटं पाडलं त्यांनी तिचं दुखणं आणखी वाढवलं, आणि त्यात मी पण आले, कारण दोनतीनदा मीही फोनवर वैतागून म्हणाले होते की आई आता दुसरं काहीतरी बोल.

संपादक साहेब, तुमच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. तुमचा पेपर आमच्या भागात प्रत्येक चहाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या ऑफिसात वाचला जातो. आरोग्याच्या पानावर एकदा ठळक चौकट टाका, की अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ७२ तासांच्या आत डॉक्टर, गेरू नंतर. गेरूचा राग नाही, पण त्याच्यात दिवस जातात आणि ओल्या फोडांवर माती लावून जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. दुसरं, नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, हे पुष्कळ डॉक्टरसुद्धा आपणहून सांगत नाहीत. महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही, म्हणूनच ती सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना मिळावी म्हणून तुम्ही लिहा, लोकप्रतिनिधींना विचारा. आणि तिसरं, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी दुखण्याची ओपीडी असावी. भूलतज्ज्ञ तिथं असतातच, ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून बोलले तर आमच्या आईसारख्या कितीतरी बायका पोलकं चिमटीत धरून बसलेल्या सापडतील.

माझ्यापुरतं मी एक सुरू केलंय. नववीला प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना, गरम भांड्याला हात लागला की मेंदूला कळायच्या आत मज्जारज्जू हात मागं घ्यायला लावतो, हे सांगून झालं की मी फळ्यावर ते फुलपाखरू काढते. परवा एका मुलीनं तास संपल्यावर येऊन विचारलं, "मॅडम, माझ्या आजीचा पाय साखरेमुळं कापलाय, तरी तिला त्या नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणते, घरात सगळे तिला गप्प बस म्हणतात, ते पण खरं असतं का?" मी तिला सांगितलं हो, खरं असतं, उद्या तुझ्या बाबांना घेऊन ये. ते आले होते. त्यांना त्या डॉक्टरबाईंच्या क्लिनिकचा पत्ता दिलाय.

आपली,
एक शिक्षिका आणि नियमित वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली